दुसऱ्या भोकाची तक्रार

पत्र : मी ५२ वर्षांची आहे. संगीत रीतसर शिकले नाही, पण ऐकलेली चाल डोक्यात बसते आणि गुणगुणता येते. लहानपणी थोरल्या भावाकडे १० भोकांचा माउथ ऑर्गन होता. तो घरात नसला की मी गुपचूप वाजवून बघायचे. फुंकर मारली की सूर यायचे, पण डावीकडून दुसऱ्या भोकात श्वास आत ओढला की घुसमटल्यासारखा आवाज व्हायचा. दादा वाजवायचा तेव्हा तोच सूर छान मोकळा यायचा. 'तुझ्या छातीत दम नाही,' असं तो म्हणाला आणि मी तो नाद सोडून दिला. आता स्वतःची हार्मोनिका घ्यायची आहे. एक जण म्हणतात, २४ भोकांची घ्या, जास्त सूर मिळतील. दुसरे म्हणतात, बटणाची क्रोमॅटिक घ्या, सगळं तिच्यातच येतं. तिसऱ्यांनी सात हार्मोनिकांचा स्वस्त संच सुचवला आहे. दादाचा जुना बाजाही अजून कपाटात आहे. मला घरी बसून, माझ्यासाठी गाणी वाजवायची आहेत, बाकी काही नाही. काय घेऊ? आणि दम नसलेल्या माणसाने या भानगडीत पडावं का?

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो मनातून गेल्याशिवाय कुठलीही हार्मोनिका घेतलीत तरी ती कपाटातच जाईल. तुमच्या छातीत दम कमी नव्हता. तुम्ही गरजेपेक्षा जास्त दम लावत होतात.

इतक्या खात्रीने सांगतोय, कारण पुरावा तुम्हीच दिला आहे. दादाला तो सूर येत होता, म्हणजे बाजा ठीक होता. आणि तुम्हाला नेमकं दुसरंच भोक अडलं, तेही श्वास आत घेतानाच. १० भोकांच्या हार्मोनिकावर नव्या माणसाला हमखास रडवणारी जागा हीच. 'माझ्या हार्मोनिकाचं दुसरं भोक खराब आहे' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता समोरच्याने हार्मोनिका पुढे केली, की न विचारता माझं बोट दुसऱ्या भोकावर जातं.

तिथे काय होतं ते नीट समजून घ्या, पुढची सगळी निवड त्यावरच उभी आहे. प्रत्येक भोकाच्या आत धातूच्या दोन पातळ पत्त्या असतात, एक फुंकल्यावर वाजणारी आणि एक श्वास आत घेतल्यावर वाजणारी. सूर येत नाही म्हणून आपण ओठ आवळतो, जीभ वर उचलतो आणि जोरात ओढतो. त्यामुळे हवेची वाट अरुंद होते, ओढायच्या पत्तीचा सूर खाली घसरायला लागतो आणि दुसरी पत्तीही मध्ये पडते. धड हा सूर नाही, धड तो नाही, अशा अवस्थेत आवाज गुदमरतो. मग वाटतं, आपलाच जोर कमी पडतोय. म्हणून आणखी जोर लावायचा आणि आवाज आणखी गुदमरायचा. 'दम नाही' असं कुणी म्हटलं की माणूस नेमकं हेच करतो. दादाला ती जागा न कळताच जमली होती, त्यामुळे त्याला तुमची अडचण दिसली नाही. त्याच्यावर रागावू नका.

तर आता खरेदीकडे. तुम्ही १० भोकांची साधी डायटोनिक (म्हणजे एका पट्टीचे शुद्ध सूर देणारी) घ्यावी, पांढरी एकमधली, म्हणजे सी पट्टीची. एकच घ्यावी आणि ती नावाजलेल्या कंपनीची असावी. बाकीच्या तिघांचे सल्ले मी का बाजूला ठेवतोय तेही सांगतो, कारण त्यातले दोन सल्ले चुकीचे नाहीत, फक्त तुमच्यासाठी नाहीत.

२४ हा आकडा फसवा आहे. १० भोकांच्या हार्मोनिकात एकेक भोक दोन सूर देतं, फुंकून एक आणि ओढून एक. असे २० सूर होतात. त्यातला एक दोनदा येतो, म्हणून वेगळे १९. चोवीसच्या हार्मोनिकाला ट्रेमोलो म्हणतात. तिच्यात एका घरातून एकच सूर निघतो, तो एकतर फुंकून, नाहीतर ओढून. म्हणजे भोकं दुपटीहून जास्त दिसली तरी सूर दुप्पट होत नाहीत. तिचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे. प्रत्येक सुरासाठी तिच्यात वर-खाली दोन पत्त्या असतात आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात. एक पत्ती सेकंदाला ४४० वेळा थरथरली आणि दुसरी ४४४ वेळा, तर आवाज सेकंदाला चार वेळा फुगतो आणि ओसरतो. तो पाण्यावरच्या तरंगासारखा लहरणारा आवाज याच फरकातून येतो. संथ चालींना तो फार शोभतो. पण ती लहर बंद करता येत नाही, सूर वाकवणं, म्हणजे वाजता वाजता तो खाली घसरवणं, तिच्यावर जवळपास अशक्य आहे, आणि कोमल-तीव्र सूर हवे असतील तर बरेच वादक सी आणि सी शार्प अशा दोन ट्रेमोलो एकीवर एक धरून वाजवतात. तुमच्या कानात लहानपणापासून तोच लहरणारा आवाज बसला असता, तर मी बेधडक 'ट्रेमोलो घ्या' म्हटलं असतं. पण तुमच्या कानात दादाचा १० भोकांचा बाजा आहे. कानाचं ऐकावं.

क्रोमॅटिक हे मोठं वाद्य आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लॅरी ॲडलर, टूट्स थिलेमन्स, स्टीव्ही वंडर यांनी या वाद्यातून काय काय काढलं ते ऐकावंच. बाजूचं बटण दाबलं की आतली पट्टी सरकते आणि प्रत्येक सूर अर्ध्या स्वराने चढतो. त्यामुळे नेहमीच्या १२ भोकांच्या क्रोमॅटिकवर तीन सप्तकांत बाराही स्वर मिळतात. तुम्ही आधी पेटी किंवा बासरी वाजवत असतात, स्वर ओळखत असतात, तर हीच घ्या असं म्हणालो असतो. पण सरकत्या पट्टीच्या आजूबाजूने हवा निसटते आणि आतल्या पातळ पडद्या ओल धरून चिकटतात, विशेषतः वाद्य थंड असताना. सुरुवातीला सूर आला नाही की 'मी चुकले की वाद्य?' हे कळायला मार्ग नसतो. तुम्ही आधीच हा संशय इतकी वर्षं उराशी बाळगला आहे, त्यात भर नको. आणि स्वस्त क्रोमॅटिक तर कुणीच घेऊ नये. चांगली डायटोनिक आणि वाईट क्रोमॅटिक यांतून निवडायचं असेल, तर डोळे मिटून डायटोनिक.

सातांच्या संचाबद्दल मात्र मी स्पष्ट 'नको' म्हणतो. मी स्वतः तसाच एक संच घेऊन सुरुवात केली होती. सुंदर पेटी, आत मखमल, ओळीने सात चकचकीत हार्मोनिका. दहा मिनिटं वाजवलं की गरगरायला लागायचं आणि मलाही तुमच्यासारखंच वाटायचं की आपली फुप्फुसं लहान आहेत. काही महिन्यांनी एका जाणकाराने त्यातल्या एकीचे स्क्रू काढून वरचं झाकण उचललं आणि आतला पत्रा दिव्यासमोर धरला. प्रत्येक पत्ती आपल्या फटीवर जेमतेम केसभर उचललेली असायला हवी. माझ्या हार्मोनिकाच्या पत्त्या मात्र किलकिल्या दारासारख्या उघड्या होत्या, खालून सरळ उजेड दिसत होता. त्या हलायच्या आधीच माझी अर्धी हवा निसटून जात होती. एक पत्ती तर उलट इतकी दबलेली होती की फुंकर लागताच फट बंद करून गप्प बसायची. त्याने मला स्वतःची हार्मोनिका कापडाने पुसून दिली आणि म्हणाला, 'फुंकू नका. नुसता श्वास सोडा.' मी श्वास सोडला आणि सूर आला. त्या क्षणी मला समजलं की इतके दिवस मी वाद्याशी कुस्ती खेळत होतो.

चांगल्या आणि वाईट हार्मोनिकात खरा फरक एवढाच असतो : ती किती कमी श्वासात बोलते. चकाकी, नक्षी, डबी यांचा आवाजाशी काही संबंध नाही. शिवाय सात वेगवेगळ्या पट्ट्यांची तुम्हाला आत्ता गरजही नाही. वेगवेगळ्या पट्ट्या लागतात त्या दुसऱ्या कुणाच्या गाण्याला साथ करताना. एकटीने वाजवायचं तर एक पट्टी वर्षभर सहज पुरते.

पांढरी एक का, तर ती मधली आहे. नेहमीच्या पट्ट्यांत 'जी' ही पट्टी सर्वांत खाली असते. तिच्या खालच्या पत्त्या लांब, त्यामुळे हलायला थोड्या आळशी. एफ वरच्या टोकाला, तिचे शेवटचे सूर कानात टोचतात. सी दोन्हींच्या मध्ये आहे, आणि नवशिक्यांसाठीचे बहुतेक धडे सी धरूनच लिहिलेले असतात.

आता नावं. होनर स्पेशल २०, सुझुकी हार्पमास्टर, ली ऑस्करची मेजर डायटोनिक आणि सायडलची ब्लूज सेशन. यातली जी सहज मिळेल ती घ्या. यांच्यात डावं-उजवं करत महिना घालवू नका, सुरुवातीला तो फरक तुम्हाला जाणवणारही नाही. होनरचीच मरीन बँड १८९६ पासून बनते आहे, आणि ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारातला केवढा तरी इतिहास तिच्यावर घडला. आवाज सुरेख, पण तिचा मधला सांगाडा लाकडी असतो. लाकूड ओल पितं, फुगतं, वाळलं की आकसतं. सुरुवातीला तोंडातून ओल जरा जास्तच जाते, म्हणून पहिली हार्मोनिका प्लास्टिकच्या सांगाड्याची बरी. प्लास्टिक म्हणजे हलकं काम, असं इथे समजू नका. वर सांगितलेल्या चारही मधून प्लास्टिकच्याच आहेत आणि चांगले चांगले वादक त्या वाजवतात. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं नसून स्क्रूने बसवलेलं असावं, म्हणजे पुढे उघडून साफ करता येतं. डबीवर 'सी' आणि 'मेजर' लिहिलंय ना ते बघून घ्या. मायनर वगैरे वेगळ्या लावणीच्या, म्हणजे सूर वेगळे लावलेल्या, हार्मोनिकाही दिसायला हुबेहूब अशाच असतात.

दुकानात तोंड लावून बघू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण काही दुकानांत छोटा भाता असतो, त्यावर एकेक भोक वाजवून दाखवतात. आवर्जून मागा. परत घेण्याची अट आधी विचारून ठेवा, कारण तोंडाला लागलेली हार्मोनिका बहुधा परत घेतली जात नाही. घरी आणल्यावर तोंड खळखळून धुवा, हार्मोनिका मुठीत धरून दोन मिनिटं उबवा आणि वीसच्या वीस सूर अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतक्या हळू, एकेक करून वाजवून बघा. दुसऱ्या भोकाचा ओढायचा सूर सोडून दुसरा कुठला घरघरला किंवा गप्प राहिला, तर खुशाल तक्रार करा. दुसऱ्या भोकाबद्दल मात्र आठवडाभर थांबा.

दादाचा बाजा जपून ठेवा, पण वाजवू नका. इतकी वर्षं पडून राहिलेलं लाकूड चिरलेलं असू शकतं, पितळेवर हिरवट थर धरतो, आणि आत दुसऱ्याच्या थुंकीचे जुने अंश असतात ते वेगळेच. हार्मोनिका दात घासायच्या ब्रशसारखी असते, ज्याची त्याची. घरातल्यांनी कितीही मागितली तरी तुमची नवी देऊ नका, त्यांना वेगळी घेऊ द्या.

धरायची ती डाव्या हातात, आकडे वर, १ डावीकडे. गाण्यांची सुरुवात चौथ्या भोकापासून करा, कारण पूर्ण सप्तक तिथेच मिळतं. ४ फुंकून सा, ४ ओढून रे, ५ फुंकून ग, ५ ओढून म, ६ फुंकून प, ६ ओढून ध. इथपर्यंत फुंक-ओढ, फुंक-ओढ असं चालतं आणि सातव्या भोकाशी क्रम उलटतो : आधी ७ ओढून नी, मग ७ फुंकून वरचा सा. या उलट्या पायरीवर सगळेच अडखळतात. तेवढाच तुकडा, ध-नी-सा, पन्नास वेळा करा.

तुम्हाला चाली कानाने येतात म्हणून एक गंमत सांगतो, जी नवशिक्यांना सहसा कुणी सांगत नाही. या हार्मोनिकावर सगळे शुद्ध सूर आहेत म्हणून फक्त बिलावल थाटाच्या वळणाची गाणी वाजतील असं नाही. सा दुसरीकडे धरा. चौथ्या भोकाच्या ओढायच्या सुराला सा माना आणि तिथून क्रमाने चढत जा, ग आणि नी कोमल होतात, म्हणजे काफी थाट. पाचव्या भोकाच्या फुंकायच्या सुरापासून चढलात तर चक्क भैरवीचे सूर मिळतात. सहाव्याच्या फुंकायच्या सुरापासून खमाज. एखादी चाल चौथ्या भोकापासून लागत नसेल तर लगेच 'यात ते सूर नाहीत' म्हणू नका, आधी दोन-तीन ठिकाणांहून ती सुरू करून बघा. वर्ष-दोन वर्षांनी, असं करूनही न बसणाऱ्या चालींची यादी लांबली, तर क्रोमॅटिकची वेळ आली असं समजा.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. गरगरलं तर थांबा, याचा अर्थ तुम्ही फार हवा वापरताय. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळव्यावर चार-पाचदा आपटा, ओल निघून जाईल, आणि थोडा वेळ उघडी ठेवून मग डबीत घाला. खाल्ल्यावर लगेच वाजवायची नाही. बाकी निगा फार नाही.

खालच्या तीन भोकांत, म्हणजे मंद्र सप्तकात, म आणि ध नाहीत. ही हार्मोनिकाची लावणीच तशी आहे : तिथे सूर कमी ठेवून शेजारशेजारची भोकं एकत्र वाजली की गोड लागतील अशी सोय केली आहे. चाल खाली उतरली आणि म मिळाला नाही तर गोंधळू नका.

आणि आता ते दुसरं भोक. नवी हार्मोनिका आल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्यावर चाल करून जाऊ नका. आठवडाभराने एका निवांत वेळी बसा. आधी १, २, ३ ही तिन्ही भोकं एकदम तोंडात घ्या. ओठ सैल, जीभ खाली पडलेली, जबडा जांभई देताना उतरतो तसा उतरलेला. ओढू नका, नुसता श्वास आत येऊ द्या. रे-प-नी असे तीन सूर एकत्र, भरून वाजतील. नाकातून हवा जात नाही ना तेवढं बघा. तोच श्वास, त्याच वेगाने चालू असताना ओठ हळूहळू मिटत आणा, आधी तीन भोकं, मग दोन, मग मधलं एकच. मध्येच घुसमट सुरू झाली तर जोर वाढवायचा नाही, जबडा आणखी खाली सोडायचा. पहिल्या दिवशी नाही जमणार. चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी तो सूर अचानक मोकळा होईल, भरदार, हार्मोनिकातल्या सगळ्या सुरांत देखणा. तो प आहे.

तो पक्का झाला की सहा महिन्यांनी पुन्हा त्याच भोकाकडे या. या वेळी जीभ जाणूनबुजून थोडी मागे-वर न्या आणि श्वास तसाच ठेवून हवेची वाट अरुंद करा. प खाली वाकेल, तीव्र मवरून घसरत शुद्ध मवर येऊन थांबेल. मंद्र सप्तकात नसलेला म तो हाच. तिसऱ्या भोकाचा नी असाच वाकवला की ध सापडतो. लहानपणी तुमच्याकडून घुसमटत होता तो सूर या वाटेवर अर्ध्यात अडकलेला होता, ताई. दादा आला की त्याला आधी मोकळा प ऐकवा आणि मग त्याच श्वासात म पर्यंत उतरून दाखवा.